डोहावरची काळी ट्यूब

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे, ट्रकच्या मागच्या चाकातली. नाशिकच्या कांद्याचं ओझं घेऊन मी घाट उतरले आणि चढले. मग कसाऱ्याजवळ हायवेला एक खिळा घुसला आणि माझी नोकरी संपली. तिथल्या पंक्चरच्या दुकानात नामा कामाला होता. मालक मला भंगारात टाकणार, तेवढ्यात नामानं मला मागून घेतलं. ठिगळ लावलं, सायकलला अडकवलं आणि उंबरमाळीकडच्या आपल्या पाड्यावर नेलं. त्याच्या लेकीला, दामिनीला, पाण्याची भीती वाटायची, म्हणून.

पाड्याखालून ओढा वाहतो. करंजांच्या सावलीत, एका वळणावर, त्याचा डोह झाला आहे. भाद्रपद सरला की तिथलं पाणी इतकं निवळतं की तळाची वाळू दिसते. समोर पिवळी पडत चाललेली भाताची खाचरं, वर डोंगरावर सोनकीची फुलं. चाकात मी कायम अंधारात होते. एवढं आभाळ मी पहिल्यांदा त्या पाण्यावर तरंगताना पाहिलं.

पहिल्या दिवशी दामिनी मला कवटाळून रडली. तिचा चुलतभाऊ मनोज मला मागून धरून हळूहळू ढकलत होता. त्यानं हात सोडला नाही, हे मी कबूल केलंच पाहिजे. वर्षभरात दामिनी त्याच्याहून चांगली पोहू लागली. सुट्टीच्या दिवशी सगळा पाडा ओढ्यावर यायचा. बाया धुणं आटपून पाण्यात पाय सोडून बसायच्या, पोरं माझ्यावर बसायला भांडायची. नामाची बायको भागी सगळ्यांना सांगायची की एवढी गुणाची वस्तू हायवेवर फुकट मिळाली.

पुढे शहरातले पाहुणे यायला लागले. मनोजला तेव्हा काम नव्हतं. त्यानं काठावर मांडव घातला, चहा-पोहे सुरू केले, आणि पाहुण्यांना माझ्यावर बसवून डोहात फिरवू लागला. भागी भाकऱ्या भाजायची, दामिनी माझ्या बाजूनं पोहत लक्ष ठेवायची. मलाही ते दिवस आवडले.

एका शनिवारी नामाला माझ्या व्हॉल्व्हच्या मुळाशी चीर दिसली. त्यानं अंगणात मनोजला बजावलं, "हिला उद्या पाण्यात नको घालू रे. दुकानातून सामान आणतो, मग नीट करू." मनोजनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी गर्दी फार होती. दामिनी मांडवामागे आईबरोबर चुलीपाशी होती. कुणाचं लक्ष नसताना मनोजनं माझ्यात हवा भरली आणि मला पाण्यात लोटलं. पाहुण्यांची एक लहान मुलगी माझ्यावर बसली. डोहाच्या मधोमध माझी हवा जाऊ लागली. फुस्स, एवढाच माझा आवाज, तो कुणाला ऐकू जाणार? मी पिचकले आणि ती मुलगी पाण्याखाली गेली.

ओरडा ऐकून दामिनी धावली, अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली आणि मुलीला काठावर आणलं. मुलगी खोकली, रडली, वाचली.

पोलीस पाटील आले. खराब ट्यूब कुणी दिली, असं पाहुणे संतापून विचारू लागले. मनोज पाण्याकडे बघत म्हणाला, "दामिनीनं काढली. मी नको बोललो होतो तिला."

ओलीचिंब दामिनी गर्दीत उभ्या असलेल्या बापाकडे बघत राहिली. नामाला सगळं ठाऊक होतं. पण मनोज भावाचा मुलगा. नामानं मान खाली घातली.

घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "बाबा, तुमी तर त्याला सांगितलं होतं ना?" नामा म्हणाला की घरातली गोष्ट बाहेर कशाला न्यायची, लोक विसरून जातील. लोक विसरले नाहीत. दामिनी पाण्यात उतरली की आया आपल्या पोरांना हाका मारून बोलावून घ्यायच्या. हळूहळू तिनं ओढ्यावर जाणंच सोडलं. मला गोठ्याच्या छपरावर, प्लास्टिक उडू नये म्हणून, वजनाला टाकलं. उन्हानं माझं अंग तडकलं.

पुढच्या हंगामात मनोजनं लाइफ जॅकेट आणली. त्याला पोहणारं माणूस हवं होतं. त्यानं भागीकडून निरोप धाडला. दामिनीनं कळवलं, येईन, पण आधी पोलीस पाटलांसमोर खरं सांग. मनोजनं दुसऱ्या गावचे दोघे पोहणारे आणले.

तेव्हा कुठे नामानं मला छपरावरून खाली काढलं. घासून पुसून नवं ठिगळ लावलं, हवा भरली आणि दामिनीपुढे ठेवलं. "जा गो, पोहून ये," म्हणाला.

दामिनीनं ठिगळावर हात ठेवला. "ही नीट झाली, बाबा. पण तुमी अजून बोलला नाय."

नामानं मला उचलून पडवीत खुंटीला टांगलं. आता मी तिथेच असते. हवा कमी झाली की नामा पंप घेऊन येतो आणि मुकाट्यानं भरतो. बोलण्यापेक्षा ते त्याला सोपं जातं. ओढ्यावरून पाहुण्यांचं हसणं वर येतं, तेव्हा दामिनी मागचं दार लावून घेते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, पाण्यात घालण्याआधी आमच्या चिरा बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. कुणावर खोटा आळ येत असेल आणि खरं तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच वेळी, सगळ्यांसमोर बोला. मला बोलता येत नव्हतं. नामाला येत होतं.