पुराचा मंत्र

दुष्काळात जनावरं छावणीला गेली आणि चौसाळ्याच्या दूध सोसायटीची खोली रिकामी पडली. तिथे पंचाक्षरी नावाचा पोरगा मित्रांना फाशांचा खेळ खेळवी. गोष्ट तो सांगे, त्यातली पात्रं बाकीचे होत.

गिरिजाने आपली जादूगारीण वर्षभर जपली होती. आज विहीर अडवून बसलेल्या राक्षसापुढे ती एकटीच उरली होती. हरली तर पात्र कायमचं संपणार होतं, आणि हाताशी मंत्र एकच होता, पुराचा.

"बुडव की त्याला!" बद्रीनाथ ओरडला. "कावून थांबलीस?"

"एवढं पाणी मारामारीत घालू? येडा हायेस का बे?" गिरिजा पंचाक्षरीकडे वळली. "विहिरीत पाणी किती हाय?"

"थेंब न्हाई. म्हणून तर तो चिडलाय."

"मग पूर विहिरीतच सोडते. त्याला म्हणते, आधी तू पी."

पंचाक्षरी गडबडला. त्याने नुसती लढाईच योजली होती. "दहाच्या वर पडलं तर तो ऐकेल," तो म्हणाला.

गिरिजाने वीस बाजूंचा फासा टाकला. चौदा पडले. राक्षस घटाघटा प्यायला आणि बाजूला सरकला.

"आता त्याला गावाच्या पाणी सोसायटीत राखणदार ठेवू," गिरिजा खुशीत म्हणाली.

"ठेव," बद्रीनाथ म्हणाला, "फकस्त चेअरमन करू नको."