दाराचं कलम

राधाकृष्ण पुंड यांना विश्वस्तपणाचा वीट आला होता, आणि हे त्यांनी आता बायकोपासून लपवणंही सोडून दिलं होतं. बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली सात मॅनेजर म्हणून; पण तिथंही एवढे नाकी नऊ कधी आले नव्हते. अकरा वर्षांपूर्वी बँकेतला एक जुना म्हातारा खातेदार "साहेब, तुमच्याशिवाय माझा कुणावर भरवसा न्हाई" असं म्हणाला, ते ऐकून यांची छाती फुगली आणि हे सही करून बसले. छाती केव्हाच जागेवर आली. काम मात्र राहिलं.

तो खातेदार म्हणजे शिंगणापूरचे रंभाजी तात्या. त्यांना तीन मुलं. थोरल्या आदिनाथचं नगरला हार्डवेअरचं दुकान, धाकटी अश्विनी नाशिकला सासरी, आणि मधली मनकर्णा. मनकर्णा लहानपणी तापानं फणफणली, त्यातून जगली, पण बुद्धीनं पाच-सहा वर्षांचीच राहिली. आता तिची पन्नाशी उलटली होती. आपल्यामागे हिचं कसं, या एकाच काळजीपोटी तात्यांनी घर, मंदिराच्या रस्त्यावरचे दोन गाळे आणि तीन एकर ऊस असं सगळं ट्रस्टमध्ये घातलं आणि विश्वस्त म्हणून राधाकृष्णरावांना नेमलं.

दस्त करताना वकिलानं चौदा कलमं लिहिली. सातवं तात्यांनी स्वतः सांगितलं: गावाच्या रीतीप्रमाणे ह्या घरास दार, कडी किंवा कुलूप लावू नये. लावायची गरज पडल्यास ट्रस्ट त्या दिवशी संपला असे समजावे, घर विकून आदिनाथ व अश्विनी यांनी निम्मे निम्मे घ्यावे आणि मनकर्णेस आदिनाथने आपल्या घरी न्यावे. वकील जरा घुटमळला. तात्या म्हणाले, "देवाच्या गावात दार लावायची येळ आली, तर त्या घरात माझं काय ऱ्हायलं?" राधाकृष्णरावांनीच तेव्हा मान डोलावली होती, त्यांना ते फार शोभिवंत वाटलं होतं. दार चोरासाठी असतं, एवढंच त्या दिवशी सगळ्यांनी धरलं. दारातून माणूस बाहेरही जातं, हे त्या खोलीतल्या तिघा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आणि आता नेमकं तिथंच घोडं अडलं होतं. गेल्या सात-आठ महिन्यांपासून मनकर्णा सकाळ झाली की घराबाहेर पडायची. तिला सांभाळणाऱ्या सुमनबाई तात्यांच्या लांबच्या नात्यातल्या, वय सत्तरीला टेकलेलं, कानांनी अधू. त्या चुलीशी वळल्या की ही पसार. कुत्री येऊ नयेत म्हणून उंबऱ्यात फळी उभी करतात, ती लावून पाहिली. मनकर्णा ती उचलून शहाण्यासारखी भिंतीला टेकवून जायची. पडद्याला घुंगरं बांधली. सुमनबाईंना ती ऐकूच यायची नाहीत. गेल्या आठवड्यात तर भाविकांची एक जीप तिच्यापासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली.

"काका, आता पुरे," आदिनाथ फोनवर म्हणाला होता. "दाराशिवाय तिला तिथं ठेवता येत नाही, असं तुम्ही लिहून द्या. ट्रस्ट संपवू. मी तिला नगरला नेतो."

"फ्लॅटवर?"

"चौथ्या मजल्यावर, हो. दाराला दोन कुलपं आहेत. निदान जीपखाली तरी जाणार नाही."

आदिनाथ काही घरावर डोळा ठेवणारा माणूस नव्हता. तो दमला होता. राधाकृष्णरावही दमले होते. गाळ्यांचे भाडेकरू, उसाची तोड, बँकेची केवायसी, दोन्ही भावंडांना वर्षाअखेरीचं पत्र. त्यात गेल्या आषाढात गुडघा बदलला. तेव्हापासून सगळं फोनवरच चाललं होतं. मनकर्णा चार भिंतींत किती दिवस टिकेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही असं नाही. पण दमलेल्या माणसाला प्रश्न पडतात आणि तसेच पडून राहतात.

बुधवारी सकाळी आदिनाथच्या गाडीतून दोघं नगरहून शिंगणापूरला पोचले. फळी भिंतीला टेकवलेली होती. मनकर्णा घरात नव्हती.

"गेली सकाळच्या पारी," सुमनबाई म्हणाल्या. "येईल दुपारपत्तुर. चहावाला गोरक्ष आनून सोडतो रोज."

आदिनाथनं काकांकडे पाहिलं, म्हणजे बघा आता तुम्हीच, आणि टाईप केलेला कागद पुढं सरकवला. राधाकृष्णरावांनी तो दोनदा वाचला. कागदात खोट नव्हती. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि बँकेतल्या जुन्या सवयीनं, सही करण्याआधी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "सुमनबाई, पण ती जाते तरी कुठं?"

"कुठं म्हंजी? स्टँडवर."

"स्टँडवर काय आहे तिचं?"

सुमनबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की राधाकृष्णराव नुसतेच टोपण चाळवत राहिले. "तुमी येत हुता न्हवं का म्हैन्याच्या म्हैन्याला? तुमची वाट बघती ती. तुमी यायचे बंद झाला, तवापासून रोज जाती. आज न्हाई आले तर उद्या येतील म्हनती."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी इच्यारलं का? 'सगळं ठीक ना' म्हनायचे, मी 'ठीक' म्हनायची. तुमी ठिवून द्यायचे फोन."

राधाकृष्णरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सातवं कलम त्यांना तोंडपाठ होतं. चौथं आत्ता आठवलं. विश्वस्ताने दरमहा मनकर्णेस समक्ष भेटावे व तिची हकिगत ऐकावी. ते कलम त्यांनी दहा वर्षं पाळलंही होतं. एसटीनं यायचे, ओट्यावर अर्धा तास बसायचे. ती कोंबड्यांची नावं सांगायची, कुणी रागावलं असेल तर त्याची तक्रार करायची, नखं कापलेली दाखवायची. मग वहीत ते एक ओळ लिहायचे, "मनकर्णा बरी आहे." गुडघ्यानंतरही दर महिन्याला तीच ओळ लिहीत होते. घरी बसून, खुर्चीत.

स्टँडवर जायला दहा मिनिटं लागली. मनकर्णा बाकाच्या टोकाला बसली होती. धुतलेलं लुगडं, तेल लावून चापून बसवलेले केस, हात मांडीवर. येताना आपली गाडी इथूनच आली, हिच्या समोरून, हे राधाकृष्णरावांच्या ध्यानात आलं. त्यांनी तेव्हा काच खालीसुद्धा केली नव्हती.

"मनकर्णा," ते म्हणाले. "मी आलोय."

तिनं वर पाहिलं. ओळखलं नाही असं नव्हे. पण तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ती त्यांच्या बाजूनं मान काढून रस्ता बघू लागली.

"अगं, मी. साहेब. चल घरी."

"सायब यष्टीतून उतरत्यात," ती म्हणाली. "बाजूला व्हा. यष्टी दिसत न्हाई."

आदिनाथ तिच्या दंडाला धरून उठवायला गेला. तिनं बाक दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि लहान पोरासारखा गळा काढला. हार विकणाऱ्या बायका बघायला लागल्या. गोरक्ष चहावाला लांबूनच म्हणाला, "वढू नका तिला. बाराची गाडी गेली की आपसूक उठती."

राधाकृष्णरावांनी ती बघत होती त्या रस्त्याकडे पाहिलं. गुडघा ठणकत होता. मग ते आदिनाथला म्हणाले, "मला घोडेगावला नेऊन सोड."

"घोडेगावला? कशाला?"

"बाराची गाडी तिथूनच येते ना? तीत बसून येतो."

"काका, काहीतरीच काय! ती वेडी आहे म्हणून आपणही..."

"आदिनाथ, चावी लाव."

बाराची एसटी खच्चून भरलेली होती. कंडक्टरनं म्हाताऱ्याला हात देऊन वर ओढलं, पण जागा कुणी दिली नाही. सगळे देवाला निघालेले, आपापल्या तेलाच्या बाटल्या सांभाळत बसलेले. राधाकृष्णराव दांड्याला लोंबकळत उभे होते. पाच-सहा किलोमीटरचा रस्ता, पण प्रत्येक खड्डा त्यांच्या नव्या गुडघ्यातून जात होता. या वयात हे काय चालवलंय आपण, असं त्यांच्या मनात येत होतं. आणि तरी, कुणीतरी आपल्याला उतरताना बघायला बसलंय, या विचारानं त्यांनी एका हातानं विस्कटलेले केस सारखे केले.

गाडी थांबली. एक-एक पायरी करत ते उतरले. मनकर्णा बाकावरून उठली होती. ती चालत आली, समोर उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उशीर का केला?"

आठ महिन्यांच्या उशिराची कारणं त्यांच्याजवळ तयार होती. ऑपरेशन, डॉक्टर, पाऊस, वय.

"चुकलं माझं," ते म्हणाले आणि त्यांना रडू आलं. भर स्टँडवर, हारवाल्या बायकांच्या देखत.

मनकर्णाला रडणं आवडत नसे. तिनं त्यांचं मनगट धरलं आणि घराच्या रस्त्याला लागली. पिवळी कोंबडी मेली, सुमनबाई ऐकत न्हाई, गोरक्ष चहात साखर घालत न्हाई, असं आठ महिन्यांचं तुंबलेलं एका दमात सांगत सुटली. आदिनाथ एसटीच्या मागोमाग आणलेली गाडी तिथंच सोडून मागं मागं चालत होता. सख्खा भाऊ, पण बहिणीला एवढं बोलताना त्यानं बाप गेल्यावर पहिल्यांदाच ऐकलं असावं.

घरी पोचल्यावर मनकर्णा ओट्यावर बसली आणि सुमनबाईंनी दिलेली भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. तिला आता कुठं जायचं नव्हतं. आदिनाथनं कागद पुन्हा काढला, पण पुढं केला नाही.

"काका, तुम्ही आज आलात. पण तुमचं वय त्र्याहत्तर. दर महिन्याला जमणार आहे?"

"नाही जमणार," राधाकृष्णराव म्हणाले. "वर्ष, फार तर दोन वर्षं. खरं सांगू का, मला आत्ताच उठवत नाहीये."

"मग?"

"म्हणून पुढच्या महिन्यापासून तू माझ्याबरोबर यायचं. एसटीनं. दोघांनी तिच्यासमोर उतरायचं. तिला सवय होईपर्यंत दोघांनी, मग तू एकट्यानं. माझ्यामागं तिनं कुणाची वाट बघायची, तेवढं एक ठरलं म्हणजे मी सुटलो."

दुकान, गिऱ्हाईक, स्टँडवर सोडून आलेली गाडी, सगळं आदिनाथच्या तोंडावर येऊन गेलं. ओट्यावरून मनकर्णा त्याच्याकडे बघत होती, पाहुण्याकडे बघावं तशी.

"नगरहून किती वाजता सुटते?" त्यानं विचारलं.