माझ्याजवळचे अकरा सेकंद

मी पेन ड्राइव्ह बोलतोय. अंगठ्याएवढा जीव माझा, त्यात हा राग मावेना, म्हणून तोंड उघडलंय.

जन्म कारखान्यातला, हजारो भावंडांसोबत. त्यात सांगण्यासारखं काही नाही. एका लेकीने मला दुकानातून घेतलं आणि थेट रेकॉर्डिंग स्टुडिओत नेलं. सोबत तिचे बाबा होते. त्यांनी तीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा केलेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि आवाज कायमचा जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. लेकीला सातवा महिना. नातवंडाला आजोबांचा आवाज ऐकायला मिळावा, एवढ्यासाठी ही धडपड. बाबांनी काचेपलीकडे बसून चाळीस मिनिटं गोष्टी सांगितल्या, मध्ये मध्ये खोकत, पाणी पीत.

मग मी रेकॉर्डिस्टच्या तावडीत सापडलो. हा गडी स्वतःला फार जाणकार समजतो. त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स. तिथे मला आधी माउंट करतात, म्हणजे मशीन मला एक फोल्डर नेमून देतं आणि त्यात टाकलेलं माझ्याकडे येतं. पण सगळं लगेच येत नाही. मशीन बरंचसं स्वतःच्या हाताशी ठेवतं आणि सवडीने माझ्यात उतरवतं. म्हणून काढण्याआधी अनमाउंट करायचं. तेव्हा ते उरलंसुरलं माझ्या पदरात घालतं आणि मगच मला सोडतं. इतकी साधी गोष्ट आहे.

या स्टुडिओची रीत अशी, की काम झालं की फाइल गिऱ्हाइकाच्या ड्राइव्हवर हलवायची, स्वतःकडे प्रत ठेवायची नाही. त्याने हलवली. मशीनवरची पुसली गेली. मग तो अनमाउंट करायला गेला, तर मशीन म्हणालं, ड्राइव्ह वापरात आहे. वापरणारा कोण? हाच! मशीनला हुकूम टाइप करायची त्याचीच टर्मिनलची खिडकी माझ्या फोल्डरमध्ये ठाण मांडून बसली होती. ती बंद केली असती तरी भागलं असतं. पण पुढचं गिऱ्हाईक ताटकळत होतं आणि साहेबांचा पारा चढला होता.

"दादा, त्याचा दिवा अजून लुकलुकतोय," लेक म्हणाली.

"लुकलुकू दे. हे मशीन उगाच नखरे करतं," असं म्हणत त्याने मला उपटलं.

अरे, तो दिवा म्हणजे माझं ओरडणं होतं! मला दुसरं तोंड आहे का?

ऑपरेशन झालं. आठवड्याने लेकीने घरी मला लावलं, तेव्हा चाळीस मिनिटांतले अकरा सेकंद वाजले. ती धावत स्टुडिओत गेली. त्याने मला उलटसुलट पाहिलं आणि सांगितलं, की ड्राइव्हच खराब निघाला, चांगला घ्यायला हवा होता. मी खराब? आजही काहीही लिहून बघा माझ्यात, अक्षर हलणार नाही. पण लेकीने त्यानंतर माझ्यात काहीच लिहिलं नाही. आहे ते पुसलं जाईल अशी तिला भीती वाटते.

आता बाळ चार महिन्यांचं आहे. रोज सकाळी लेक त्याला मांडीवर घेऊन मला लावते. बाबा शेजारी गळ्याला रुमाल बांधून बसतात. आधी खोकला येतो, मग पेला ठेवल्याचा आवाज, मग बाबा विचारतात, "सुरू झालं का? बोलू आता?"

लेक रोज हळूच म्हणते, "बोला, बाबा."

आणि माझ्याकडे पुढचं काही नाही.