पहिल्यापासून

बाबांना साथ करण्यापेक्षा दावं तोडून पळालेलं वासरू पकडणं सोपं. वासरू निदान एका दिशेला तरी पळतं.

मी कट्टा गावात शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत गिटार शिकवते. माझ्या क्लासचा नियम एकच: चुकलं की हात थांबवायचा आणि पहिल्यापासून घ्यायचं. चूक बोटात मुरता कामा नये. हा नियम मी शिकवायला निघाले कोणाला, तर गुरुदासबुवांना. म्हणजे माझ्याच वडिलांना, चाळीस वर्षं भजन म्हणणाऱ्या माणसाला!

आमच्या देवळात दरवर्षी सप्ताह बसतो. सात दिवस नाम अखंड चालतं. प्रत्येक वाडीला तिचा पहर ठरलेला, आणि एका श्वासाचाही खंड पडला तर त्या वाडीला वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही. आमच्या वाडीचा पहर दुपारी, आणि तो बाबांचा. यंदा पेटीवाले शंकरकाका आंब्यावरून पडले आणि हात प्लास्टरमध्ये घालून बसले. त्यात गेल्या वर्षीच्या दुखण्यापासून बाबांचा गळा तासाभरात बसतो. "जमणा नसात तर पहर दुसऱ्या वाडीक देवया," असं एकाने त्यांच्या तोंडावर सांगितलं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मला ते बघवेना, म्हणून म्हटलं, मी बसते गिटार घेऊन. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

पंधरा दिवस घरी तालीम केली. मी वहीत प्रत्येक ओळीचे कॉर्ड लिहिले, मात्रा मोजून खुणा केल्या. बाबा एकाच ओळीनंतर पहिल्या वेळी चार मात्रा थांबायचे, दुसऱ्या वेळी सहा, तिसऱ्या वेळी देव जाणे किती.

"बाबा, नक्की किती थांबतास?"

"आनंदीबाय येयसर."

आनंदीबाई येईपर्यंत! ही आनंदीबाई म्हणजे देवळात खांबाला टेकून बसणारी ऐंशीची म्हातारी. तिचा सूर कुठल्याच पट्टीत नाही, आणि सगळ्यांचं म्हणून झालं की हिची ओळ मागून रखडत येते. तालमीला नसलेल्या तिच्यासाठी मी लय मोडायची? माझं डोकंच फिरलं.

"चुकला. पहिल्यापासून घेवया," मी म्हटलं.

"देवळात पहिल्यापासून नसता गो बाय," बाबा म्हणाले आणि तंबाखू मळायला बसले.

आमच्या पहराला पखवाजावर सर्वेश होता. तो एसटीत कारकून आहे आणि सोमवारी माझ्याकडे गिटार शिकायला येतो. बाबांनी काळी दोन पट्टी सांगितली होती, म्हणून मी कॅपो, तो गिटारच्या गळ्याला लावायचा चिमटा, तिसऱ्या घरात लावला. तासभर सगळं वहीबरहुकूम झालं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग बाबांचा गळा बसला, आणि गजर चालू असतानाच, काही न सांगता, ते सरळ एक सूर खाली, काळी एकात उतरले. माझा कॉर्ड आणि त्यांचा सूर एकमेकांवर आपटले. आणि मी काय करावं? मी थांबले. हात आपोआप थांबला, दुसरा कॅपोकडे गेला. मी थांबले म्हणून सर्वेशही थांबला. त्याला मीच तसं शिकवलं होतं. टाळकऱ्यांनी आमच्याकडे बघितलं आणि टाळ थांबवले. बाबांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मला वाटलं, संपलं. बाबांचा पहर मी तोडला.

पण देवळात नाम चालूच होतं.

खांबापाशी आनंदीबाई मागची ओळ म्हणत होती. डोळे मिटलेले, सगळ्यांच्या मागे, नेहमीसारखी रखडत. कोण थांबलंय याचा तिला पत्ताच नव्हता.

मी कॅपो उपटून मांडीवर टाकला. कॉर्ड नाही, वही नाही. एकाच तारेवर अंगठ्याने तिचा सूर चाचपत गेले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा सापडला. तिथेच धरून बसले, तिची ओळ संपेपर्यंत. किती मात्रा झाल्या ते मला आजही सांगता येणार नाही. सर्वेशचा हात पुन्हा पखवाजावर पडला, आणि बाबा त्या तारेच्या सुरावर हळूच येऊन बसले. बसलेल्या गळ्याने, पण त्यांनी पहर शेवटपर्यंत नेला.

घरी आल्यावर बाबा पेज भुरकत म्हणाले, "आज बरा वाजवलंस."

"खंय? ढीगभर चुकलंय!" मी ओरडले. मला रडू येत होतं, आणि त्याचाही राग येत होता.

"माका खंय कळता ता," म्हणाले, आणि आणखी पेज मागितली.

सोमवारी सर्वेश क्लासला आला. तिसऱ्या ओळीला त्याचं बोट घसरलं. त्याने शहाण्यासारखा हात थांबवला आणि विचारलं, "मॅडम, पहिल्यापासून घेव?"

"थांबलंस कित्याक मेल्या? फुडे चल!" मी इतक्या जोरात ओरडले, की खालच्या शिंप्याची मशीन थांबली.