माझ्यावरचे पहिले नाव

या मित्रांनो, जरा जवळ सरका. एक गोष्ट सांगते. पण आधीच बजावते, मी रागात आहे. राग निवळेपर्यंत थांबले तर गोष्ट राहूनच जाईल.

मी एक जुने पान आहे. वहीचे नव्हे, एका सुतारकाकांच्या वेबसाइटवरचे. माझ्या माथ्यावर लिहिले आहे, 'यांच्याकडे आम्ही काम केले'. माझा जन्म काकांच्या शेडमध्ये, भुशाने माखलेल्या संगणकावर झाला. काका एका बोटाने टाइप करत. एक नाव लिहीपर्यंत त्यांची एक फळी रंधून झाली असती!

त्यांचा एक नेम होता. काम संपले की महिनाभर थांबायचे आणि मग गिऱ्हाइकाला फोन करायचा. "दार नीट लागतंय ना? मग तुमचं नाव माझ्या पानावर लिहू का? अन् पुढे काय लिहायचं तेही तुम्हीच सांगा." होकार आला तरच नाव चढे. काका म्हणत, "दुसऱ्याचं नाव घ्यायचं तर देवाच्या नावासारखं घ्यावं, स्वच्छ मनानं."

पहिले नाव शिवणकाम करणाऱ्या एका मावशींचे. काकांना कुणी विचारत नव्हते, तेव्हा मावशींनी आपले दार दुरुस्तीला दिले होते. फोनवर म्हणाल्या, "लिहा, दार आता कुरकुरत नाही, सुतार मात्र फार कुरकुरतो!" काकांनी जसेच्या तसे लिहिले. लोक ती ओळ वाचून हसत, मावशींकडे चौकशी करत आणि काम काकांनाच देत. माझे कौतुक होई, मी फुगून जाई.

मग आले जावईबापू. दशमग्रहच तो, नाही कोण म्हणणार?

"बाबा, ही शिवणवाली कोण वाचतंय? मोठी नावं हवीत. त्या बड्या हॉटेलात काम केलं होतंत ना?"

"अरे, ठेकेदाराच्या हाताखाली दोन बिजागऱ्या बसवल्या होत्या. हॉटेलवाल्यांना माझं तोंडसुद्धा ठाऊक नाही."

"बिजागरी म्हणजे कामच की!"

काका गप्प बसले. लेकीच्या नवऱ्याला दुखवायचे कसे? चूक एवढीच, पण ती माझ्या अंगावर उमटली. मावशींची ओळ पुसली गेली आणि तिथे हॉटेलचे चकचकीत चिन्ह आले. हॉटेलला विचारले नाही, मावशींना विचारले नाही, मला तर नाहीच. खोटे बोलताना माणसाला निदान जीभ चावता येते. मला तेही नाही!

त्याच आठवड्यात एका मुख्याध्यापिकाबाईंनी मला उघडले. शाळेच्या ग्रंथालयाची सगळी कपाटे करून घ्यायची होती. काका वर्षभर या कामाकडे डोळे लावून बसले होते. बाईंनी हॉटेलात फोन केला, मग काकांना.

"तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. ज्याचं पान खोटं, त्याच्या कपाटांखाली मी मुलं कशी बसवू?"

काम गेले. जावईबापू म्हणाले, "नशीब!" नशीब? खोटे चिकटवलेस तू आणि बोल नशिबाला?

पण मित्रांनो, माझ्या रागाचे खरे कारण वेगळेच आहे. जो मला उघडेल त्याच्या हातात मी असते. मावशी रोज दुपारी मशीन थांबवून फोनवर आपली ओळ वाचत. त्या दिवशी त्यांनी मला वर सरकवले, खाली सरकवले. चष्मा पुसला. पुन्हा शोधले. मग बहिणीला म्हणाल्या, "माझं काही चुकलं का गं? थट्टा केली, त्याचा राग आला असेल त्यांना."

मी त्यांच्या तळहातावर होते आणि मला एक अक्षर बोलता आले नाही.

शेवटी काकांनी ते चिन्ह स्वतः खोडले आणि ते मावशींच्या दारात जाऊन उभे राहिले. फोन मशीनवर उघडाच होता, म्हणून मी सारे ऐकले.

"ताई, चुकलो. पुन्हा लिहू का तुमचं नाव?"

मावशी शिवतच राहिल्या. "पुसताना विचारलं होतंत?"

"नाही," काका म्हणाले.

"मग राहू द्या. नको आता."

काका निघाले. त्यांच्यामागे ते दार मिटले, जराही न कुरकुरता.

आज माझी पहिली ओळ कोरी आहे. काकांनी तिथे दुसरे कुणाचेही नाव लिहिलेले नाही, लिहूही दिलेले नाही. बाळांनो, कुणाचे नाव मिरवायचे असेल तर आधी विचारा, आणि पहिला हात देणाऱ्याचे नाव तर कधीच पुसू नका.

मावशींचे नाव मला विचारू नका. त्यांनी होकार मागे घेतला आहे, मी सांगणार नाही. पण एखादे दार आवाज न करता मिटले, तर त्यांची आठवण काढा. एवढेच मागते.