बॉयसीच्या लांब टेबलावरचा टोप

मी एक जुना टोप आहे, मित्रांनो. पांढऱ्या इनॅमलचा, निळ्या काठाचा. पोटाला तीन ठिकाणी टवके उडालेत, पण ते मोजत बसू नका. तुमचंही वय होणार आहे.

माझा जन्म बास्क मुलखातला. स्पेन आणि फ्रान्सच्या मधल्या डोंगरांत हे बास्क लोक राहतात, आणि त्यांची भाषा शेजारीपाजारी कुणालाच कळत नाही. तिथल्या मिरेन नावाच्या मुलीनं लग्न झाल्यावर मला गाठोड्यात बांधून बोटीनं अमेरिकेत आणलं. आयडाहो राज्यातल्या बॉयसी गावात तिनं बोर्डिंग हाऊस काढलं. वर खोल्या, खाली एकच लांबलचक टेबल. डोंगरात मेंढ्या राखायला आलेले बास्क गडी हिवाळ्यात तिथं मुक्कामाला यायचे. इंग्रजीचा त्यांना गंध नसे. पेयो नावाचा गडी तर न्यूयॉर्कहून रेल्वेनं येताना चार दिवस नुसती उकडलेली अंडी खात आला, कारण कोंबडीची नक्कल तेवढी त्याला जमत होती.

म्हणून मिरेनबाईंनी नियमच करून टाकला. टेबलावर जे हवं ते इंग्रजीत मागायचं, मागितल्याशिवाय मिळणार नाही. सूपनं भरलेला मी एका टोकाकडून निघायचो आणि हातोहात दुसऱ्या टोकाला पोचायचो. माझा एक कान देणाऱ्याच्या हातात, दुसरा घेणाऱ्याच्या. किती जणांना मी 'सूप' शिकवलं आणि 'प्लीज' शिकवलं, गणती नाही. खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता.

पुढे मेंढ्या कमी झाल्या, गडी म्हातारे झाले. पेयो आणि आणखी दोघे उरले. तिघांना छोटं पातेलं पुरायचं, त्यामुळे मी फळीवर धूळ खात पडलो. वाईट वाटायचं हो.

मग वरच्या खोल्या ईश्वर नावाच्या तरुणानं भाड्यानं घेतल्या. तो नागपूरकडचा, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. १९८६च्या डिसेंबरात त्याची आई, रत्नाबाई, आली. माणूस वाढलं म्हणून मिरेनबाईंनी मला फळीवरून खाली काढलं.

रत्नाबाई आल्या होत्या लेकीसाठी. कमला दूर, सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला राहायची आणि फेब्रुवारीत तिचं पहिलं बाळंतपण होतं.

ईश्वर म्हणाला, "आई, मी ड्राइव्ह करून सोडलं असतं गं, पण नवा जॉब आहे, लीव्ह मिळत नाही. बसनं जावं लागेल. मध्ये पेंडल्टनला बस चेंज करायची. कुणाला तरी विचारावं लागेल."

"मला कुठं विचारता येतंय बाबा," रत्नाबाई म्हणाल्या. "लेक तिकडं एकटी, आणि मी इथं मुकी."

मिरेनबाईंनी ईश्वरला सांगितलं, दुपारी तिला खाली पाठव, या टेबलावर भले भले बोलायला लागले.

पहिल्या दिवशी मी हातोहात रत्नाबाईंपर्यंत आलो. पेयोनं माझा कान पुढे केला. रत्नाबाईंनी हात मागे घेतले, खुर्ची सरकवली आणि आपला वाडगा दोन्ही हातांत खाली धरला. कुणीतरी वरून ओतावं, म्हणून. मला काही त्यांनी बोट लावलं नाही. सगळे गोंधळले. शेवटी पेयोनं पळीनं वाढलं.

मिरेनबाईंना वाटलं, हिला आपलं भांडं चालत नसावं. मोठ्या मनाच्या बाई त्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलाच्या टोकाला नवंकोरं वेगळं ताट मांडलं, वेगळी वाटी, वेगळा चमचा. पाहुणीचा मान म्हणून. रत्नाबाईंनी ते ताट पाहिलं आणि न जेवता जिना चढून गेल्या. तीन दिवस खाली आल्या नाहीत.

चौथ्या संध्याकाळी ईश्वर खाली आला. त्यानं मिरेनबाईंना सांगितलं, "आमच्या गावात आईला दुसऱ्यांच्या भांड्याला हात लावू देत नसत. आमची जात खालची म्हणायचे. पाणीसुद्धा वरून ओतायचे. आता आम्ही बौद्ध आहोत, ते सगळं मागं टाकलंय. पण हाताची सवय जात नाही. आणि तुम्ही वेगळं ताट मांडलंत, तेव्हा तिला वाटलं, इथंही तेच."

मिरेनबाईंनी टेबलाच्या टोकाचं ते ताट उचलून कपाटात टाकलं. "मी काय करून बसले," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वर जाऊन रत्नाबाईंचा हात धरून त्यांना घेऊन आल्या. टेबलाच्या मधोमध बसवलं आणि मला, काठोकाठ भरलेल्याला, थेट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. पळीही त्यांच्याच बाजूला. मग सगळे आपापले वाडगे घेऊन वाट पाहत बसले. सूप निवायला लागलं. मला घाम फुटला होता, आणि तो वाफेचा नव्हता.

पेयोनं आपला वाडगा पुढे केला. "सूप, प्लीज," तो म्हणाला.

रत्नाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा परक्या घरचं कुणी त्यांच्या हातचं मागत होतं. त्यांनी पळी उचलली. थोडं सूप माझ्या काठावरून सांडलं, पण वाढलं. मग पुढच्यानं मागितलं, मग मिरेनबाईंनी. सगळ्यांना वाढून झाल्यावर त्यांनी स्वतःला घेतलं आणि डोळे पुसत पुसत जेवल्या.

त्या दिवसापासून माझी मजाच झाली. मिरेनबाई मक्याची भाकरी थापायच्या. त्यांच्याकडे तिला 'तालो' म्हणतात. ते पाहून रत्नाबाईंनी पदर खोचला. "असं नाही बाई, हात पाण्याचा घे." पीठ एकच, नावं तीन: भाकरी, तालो, ब्रेड. मला घासताना रत्नाबाई माझ्याशी मनातलं बोलायच्या. माझी मराठी तिथलीच, मित्रांनो, चुकलो तर सांभाळून घ्या.

प्रवासाचे धडे पेयोनं दिले. ब्रेडची टोपली म्हणजे बॉयसी, बीन्सचा वाडगा म्हणजे पेंडल्टन, मी सिएटल आणि चमचा म्हणजे बस. चमचा निघाला की 'डिपार्चर', बीन्सजवळ आला की 'चेंज'. एकदा रत्नाबाईंनी बोलता बोलता सगळे बीन्स खाल्ले. पेयो म्हणाला, आता उतरणार कुठे? त्या दिवशी त्या मनमोकळ्या हसल्या.

फेब्रुवारीत त्या एकट्या निघाल्या. दारात म्हणाल्या, "जयभीम." पेयोनंही जमेल तसं जयभीम केलं. तो दिवस आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. कुणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवरचा फोन वाजला, बेलव्ह्यूहून. मिरेनबाईंनी रिसीव्हर सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"रत्ना? यू ईट?"

"येस," लांबून आवाज आला. "पेंडल्टन. आय सिट, बिग टेबल. आय से, सूप प्लीज. दे गिव्ह." मग म्हणाल्या, "वन लेडी आस्क मी सॉल्ट. मी! आय पास."

पेयोनं रुमालात नाक शिंकरलं. म्हातारा रडत होता, मान्य मात्र करणार नव्हता.

आठ दिवसांनी कमलाला मुलगी झाली, आजीच्या हातावर. दोन वर्षांनी मिरेनबाईंनी घर बंद केलं आणि मला, लेकीकडेच राहिलेल्या रत्नाबाईंच्या हवाली केलं. आता मी बेलव्ह्यूला कमलाच्या स्वयंपाकघरात असतो आणि शनिवारी तुम्ही मुलं इथं जेवायला जमता तेव्हा आमटीनं भरतो.

तारेच्या घासणीनं मला घासू नका, एवढं ऐका. शोभेच्या कपाटातही ठेवू नका, तिथं जीव घुसमटतो. आणि तुमच्या टेबलावर कधी कुणी नवं माणूस गप्प बसलेलं दिसलं, तर त्याला वेगळं काही वाढून कौतुक करू नका. मीठ त्याच्या हाताशी ठेवा, आणि त्याच्याकडे मागा.