हॅदरशॉची नको म्हणायची रीत

इमोजेन फॅरेल आमच्या हॅदरशॉची नाही, हे आधीच सांगून टाकते. ती लंडनकडची. नवरा निवृत्त झाल्यावर जुन्या गिरणीच्या इमारतीत फ्लॅट घेऊन राहायला आली, तेव्हा तिला आमच्या टेकडीवरचा वारासुद्धा सोसत नव्हता. आता तीच बाई बाजारातून निघाली की खाटकापासून चर्चच्या पाद्रीबाईपर्यंत सगळे हात हलवतात. मी इथे जन्मले, इथल्याच शाळेत शिकवलं, अर्धं आयुष्य नगरपरिषदेत बसून काढलं. हात मलाही हलवतात, पण चालता चालता. तिच्यासाठी थांबतात.

याला कारण ती फुलं. गाव फुलांनी सजवायची स्पर्धा दर उन्हाळ्यात होते आणि ढाल दर वेळी खालच्या दरीतलं ब्रॉडक्लफ घेऊन जायचं. ब्रॉडक्लफची माणसं बसमध्येसुद्धा नाक वर करून बसतात. मी वर्षानुवर्षं दिव्यांच्या खांबांवर पेटुनियाच्या टोपल्या टांगल्या. परीक्षक यायचे, बघायचे, चहा पिऊन जायचे. इमोजेनने काय केलं? बंद पडलेल्या स्टेशनच्या फलाटावर कोबी लावला आणि मधेमधे झेंडू. कोबी! आणि ढाल आमची. गाव नाचलं, आणि पुढच्या निवडणुकीत तिला नगरपरिषदेतही पाठवलं. मीही टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन माझ्या टोपल्यांना आठवडाभर पाणी घातलं नाही.

नगराध्यक्षपद तरी माझंच होतं. ते सदस्यांकडे पाळीपाळीने येतं; पाळी माझी होती, आणि यंदा तर ते हवंच होतं. बागेतला बँडस्टँड, म्हणजे गावच्या बँडचा मंडप, नव्याने बांधून झाला होता आणि त्याच्या दगडावर यंदाच्या नगराध्यक्षाचं नाव कोरायचं होतं. माझे आजोबा त्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. ‘एव्हरिल हॅल्सॉल’ ही अक्षरं त्या दगडावर मला आधीच दिसायला लागली होती.

आमच्याकडे हे पद मागायचं नसतं. मे महिन्याच्या सभेत कुणीतरी नाव सुचवतं. ज्याचं नाव येईल त्याने म्हणायचं, ‘छे छे, मला नको, माझ्यापेक्षा चांगलं कुणी बघा.’ मग बाकीच्यांनी टेबल थोपटून ओरडायचं, ‘नाटकं पुरे, ऊठ!’ मग उठायचं. माझ्या वडिलांच्या वेळीही असंच होतं. पहिल्या हाकेला हो म्हणणारा माणूस आमच्याकडे हावरट ठरतो.

सभेच्या दिवशी मी केस सेट करून आले, निळं जाकीट चढवलं.

“नको म्हणायलाच जातेयस ना?” माझा नवरा क्लिफ म्हणाला. “मग एवढा थाट कशाला?”

“गप बस आणि पाठीवरचा केस काढ.”

मावळते नगराध्यक्ष केनेथ ग्रिमशॉ यांनी माझं नाव सुचवलं. मी हात झटकला. “छे, केनेथ, मला कशाला? माझ्यापेक्षा चांगलं कुणी बघा.” आणि मान खाली घालून थांबले.

टेबल वाजलं नाही.

कुणीतरी खाकरलं. मग इमोजेनचा आवाज आला, “एव्हरिलला नको असेल तर मी होते. अगदी आनंदाने.” लगेच भराभर हात वर गेले. माझाही गेला, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. केनेथने पदाची सोन्याची साखळी तिच्या गळ्यात घातली. तिच्या त्या राखाडी स्वेटरवर ती साखळी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर हसत हसत सगळ्यांना केक वाढायचं कामही मीच केलं.

पुढचे काही दिवस मी गप्प बसले नाही. पोस्टात, केस कापायच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, भेटेल त्याला सांगितलं: एवढी वर्षं राहिली, पण बाईला गावची रीत कळली नाही. ऐकणारे ‘हो ना’ म्हणायचे आणि घाईत असल्यासारखे निघून जायचे.

मग एका दुपारी इमोजेन स्वतःच माझ्या दारात उभी राहिली. घरात घेणं भाग होतं. मी चहा टाकला.

“मला रीत माहीत नाही असं तू सांगत फिरतेस म्हणे,” ती म्हणाली.

“नाहीच आहे तुला माहीत.”

“आहे गं. केनेथने मला पहिल्याच वर्षी समजावली होती. मी टेबलावर हात ठेवून तयार बसले होते.”

“मग थोपटलं का नाहीस?”

“कुणीतरी सुरुवात करेल म्हणून वाट बघत होते. पहिला हात बाहेरच्या बाईचा नको, असं वाटलं. तुझी मान खाली होती, तुला दिसलं नाही. केनेथ चष्मा पुसत होता, बाकीचे खिडकीबाहेर बघत होते. कुणी हलायलाच तयार नव्हतं. मग वाटलं, यापेक्षा मीच घेतलेलं बरं. निदान तूच सोडलंस असं तरी म्हणता येईल.”

“केनेथने नाव सुचवलं होतं माझं!”

“पाळी तुझी होती ना, म्हणून.” तिने कप फिरवला. “तुला हवं असेल तर मी राजीनामा देते, एव्हरिल. मनापासून सांगतेय. पण मग मतदान पुन्हा होईल.”

पुन्हा मतदान. ती खोली, ती माणसं, आणि ज्यांच्या पोरांना मी पाढे शिकवले त्यांचे टेबलाखाली राहिलेले हात.

“राहू दे,” मी म्हणाले.

ती गेल्यावर मी तिचा कप विसळला. मला वाटलं होतं, आता तिच्यावरचा राग तरी जाईल. नाही गेला, उलट वाढला. माझ्या जन्मगावात, त्या भरलेल्या खोलीत, माझी लाज राखावी असं एकाच माणसाला वाटलं, आणि तेही तिलाच.